घर शोधणारा फोटो

रात्री साडेदहाच्या सुमारास एखाद्या व्हॉट्सॲप गटावर फोटो येऊन पडतो. सोबतचा मजकूर ठरलेला असतो: 'अर्जंट अडॉप्शन, प्लीज फॉरवर्ड करा.' फोटोत फ्लॅशच्या उजेडात पांढरीफटक पडलेली फरशी, मागे पाण्याची बादली, कोपऱ्यात खराटा, कुणाच्या तरी चपला आणि या सगळ्याच्या मधोमध एक काळपट आकार. त्या आकारात दोन हिरवे ठिपके चमकतात, म्हणून ते डोळे आहेत एवढं कळतं. कान मागे दाबलेले, शेपूट पायांत घातलेली. खाली लिहिलेलं असतं, 'अतिशय प्रेमळ, खेळकर, लहान मुलांबरोबर छान राहतो.' मजकूर एक सांगतो आणि फोटो दुसरंच. पाहणारा फोटोवर विश्वास ठेवतो आणि त्याचा अंगठा पुढच्या संदेशाकडे सरकतो.

तोच कुत्रा दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता, फिरून आल्यावर, झाडाच्या सावलीत उभा असतो. तोंड किंचित उघडं, जीभ बाहेर, एक कान ताठ आणि दुसरा अर्धा दुमडलेला, नजर थेट समोर. तेवढ्यात कुणी गुडघ्यावर बसून फोन त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर धरला, तर निघणारा फोटो वेगळ्याच कुत्र्याचा वाटेल. कुत्रा तोच, फोनही तोच. बदललेली असते ती वेळ, जागा आणि फोटो काढणाऱ्याची बसण्याची पद्धत.

या दोन फोटोंमधलं अंतर हाच या पुस्तिकेचा विषय आहे. ती लिहिली आहे निवाऱ्यांत काम करणाऱ्या माणसांसाठी, घरी चार दिवस पिल्लू सांभाळणाऱ्या फॉस्टर कुटुंबांसाठी, गल्लीतल्या कुत्र्या-मांजरांना रोज खाऊ घालणाऱ्या फीडर मंडळींसाठी. यांतल्या बहुतेकांकडे महागडा कॅमेरा नसतो आणि त्याची गरजही नाही. खिशातला फोन, सकाळचा उजेड आणि वीस मिनिटांचा निवांतपणा एवढ्यावर पुढच्या प्रकरणांतली जवळपास प्रत्येक गोष्ट जमते. यांतला निवांतपणा मिळवणंच सर्वांत अवघड असतं, कारण निवाऱ्यात पिंजरे धुवायचे असतात, जखमांवर मलमपट्टी करायची असते आणि त्याच वेळी नवा जखमी प्राणी घेऊन रिक्षा दारात उभी असते. अशा धावपळीत 'फोटो काढून टाक रे पटकन' असं म्हटलं जाणं स्वाभाविक आहे. पण घाईघाईत काढलेला तो फोटो पुढे कित्येक आठवडे त्या प्राण्याची एकमेव ओळख होऊन बसतो.

महाराष्ट्रात प्राण्यांना आसरा देण्याची परंपरा जुनी आहे. मुंबईत प्राण्यांवरील क्रूरता रोखण्यासाठीची संस्था 1874 साली उभी राहिली आणि परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय 1883 पासून जनावरांवर उपचार करत आलं आहे. 'वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज' ही संस्था 1985 पासून मुंबईच्या रस्त्यांवरच्या कुत्र्यांसाठी राबते आहे, तर पुण्यात 'रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट'चं काम 2007 साली सुरू झालं. पूर्वी प्राणी घरी न्यायचा तर माणूस तिथवर चालत जाई, पिंजऱ्यांसमोरून फेरी मारी, एखादं पिल्लू जाळीतून नाक बाहेर काढून त्याचा हात चाटे आणि निर्णय होई. आता ती फेरी बहुतेक वेळा फोनवरच होते. जाळीतून हात चाटण्याचं काम फोटोवर येऊन पडलं आहे.

हे ओझं मोठं आहे, याला अभ्यासांचा आधार आहे. अमेरिकेतल्या 'एएसपीसीए' या संस्थेच्या संशोधकांनी 2012 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत निवाऱ्यातून प्राणी नेणाऱ्या लोकांना विचारलं होतं, की हाच का निवडला? प्राण्याचं दिसणं आणि त्याचं माणसाशी वागणं ही उत्तरं वर आली. 2015 साली लँप आणि विट या दोन अभ्यासकांनी आणखी नेमका प्रश्न घेतला. दत्तक-संकेतस्थळांवरचे शेकडो फोटो त्यांनी तपासले. सगळी कुत्री लॅब्रॅडॉर किंवा लॅब्रॅडॉरच्या मिश्र जातीची, मोठ्या चणीची आणि काळ्या रंगाची. म्हणजे जात, आकार, रंग सारखेच; फरक फोटोत. फोटो स्पष्ट असणं, कुत्र्याची नजर कॅमेऱ्याकडे असणं, कुत्रा उभा असणं, फोटो बाहेर मोकळ्यावर काढलेला असणं, अशा गोष्टींचा घर लवकर मिळण्याशी संबंध दिसला.

ब्रिटनमधल्या निवाऱ्यांत झालेला आणि 2013 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास त्याहून वेधक आहे. जी कुत्री भुवईची आतली बाजू पुन्हा पुन्हा उंचावत, त्यांना घर लवकर मिळत होतं. भुवई उचलली की डोळे मोठे आणि चेहरा लहान बाळासारखा दिसतो. लांडग्यांत ज्याचे जेमतेम काही तंतू आढळतात, तो भुवई उचलणारा स्नायू कुत्र्यांत मात्र चांगला विकसित झालेला असतो, हे 2019 साली याच विषयावरच्या पुढच्या संशोधनातून समोर आलं. माणसाच्या सोबतीने काढलेल्या हजारो वर्षांत कुत्र्याचा चेहरा माणसाशी बोलायला शिकला आहे. फोटो काढणाऱ्याचं काम एवढंच, की तो चेहरा बोलत असताना तिथे हजर राहायचं.

भारतातलं चित्र थोडं वेगळं आहे आणि ते समजल्याशिवाय इथल्या फोटोंचा विचार पुरा होत नाही. 2019 सालच्या विसाव्या पशुगणनेत देशातल्या भटक्या कुत्र्यांची संख्या 1 कोटी 53 लाखांच्या घरात होती; महाराष्ट्रात ती 12 लाख 76 हजारांच्या आसपास. इतक्या कुत्र्यांना घरं मिळणं शक्य नाही आणि कायद्याची वाटही तशी नाही. प्राणी जन्मनियंत्रण नियमांचा गाभा असा, की रस्त्यावरच्या कुत्र्याची नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची, ओळख म्हणून कानाला छोटी खाच पाडायची आणि त्याला त्याच्याच भागात परत सोडायचं. निवाऱ्यात मुख्यतः उरतात ते परत जाऊ न शकणारे: आईविना सापडलेली पिल्लं, गाडीखाली पाय गमावलेले, दृष्टी गेलेले, म्हातारे आणि कुणीतरी हौसेने विकत घेऊन पुढे दारात बांधून गेलेले. 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेही रस्त्यावरची कुत्री दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांना पालिकेकडे अर्ज करण्याची वाट नमूद केली. पण अर्ज करायचा तर आधी एखाद्या कुत्र्यावर जीव जडायला हवा, आणि तो जडतो बहुधा एखाद्या फोटोवरूनच.

यात सर्वांत मागे राहतो तो आपला देशी कुत्रा. सोडून दिलेला हस्की किंवा शिह त्झू आला, की चौकशीचे फोन येऊ लागतात, असा निवाऱ्यांचा अनुभव आहे. गावठी कुत्र्यासाठी पहिला प्रश्न येतो, 'ब्रीड कोणती?' आणि उत्तर ऐकून दुसरा प्रश्न येत नाही. खरं तर देशी कुत्र्याचं रूप कॅमेऱ्यासाठीच घडवल्यासारखं असतं. ताठ त्रिकोणी कान, बदामी डोळे, पाठीवर वळलेली शेपूट, सडपातळ पोट, लांब पाय. पण हे रूप दिसायला कुत्रा उभा हवा, बाजूने किंवा किंचित तिरका हवा आणि निर्भय हवा. वरून खाली रोखलेल्या फोनमध्ये यातलं काहीच उरत नाही. दिसतं फक्त मोठं डोकं आणि त्याखाली विरत गेलेलं शरीर.

चांगल्या फोटोने प्राण्याचं नशीब पालटू शकतं, हे जगात अनेकांनी आपापल्या रीतीने दाखवलं आहे. लॉस एंजलिसमध्ये सेथ कॅस्टिल हा तरुण 2007 च्या सुमारास बेघर मांजरीच्या पिल्लांचे फोटो काढू लागला आणि तिथून निवाऱ्यांच्या कामात ओढला गेला. पाण्याखाली पोहणाऱ्या कुत्र्यांच्या छायाचित्रांचं त्याचं 'अंडरवॉटर डॉग्ज' हे पुस्तक 2012 साली गाजलं. पण त्याची प्राण्यांच्या छायाचित्रणाची वाट सुरू झाली ती या बेघर पिल्लांपासून. युटा राज्यातल्या ह्यूमेन सोसायटीत गिनेव्हिअर शुस्टर यांनी जत्रेतल्या फोटो-बूथसारखी चार-चार छायाचित्रांची मालिका काढायला सुरुवात केली. एका चौकटीत कुत्रा गंभीर, दुसरीत जीभ बाहेर, तिसरीत डोळे मिटलेले, चौथीत मान वाकडी. एकाच कुत्र्याचे चार स्वभाव चार क्षणांत दिसत. निवाऱ्यातल्या कुत्र्याकडे 'बिचारा' म्हणून पाहणाऱ्याला त्यात एक गमतीदार सोबती दिसू लागला.

मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेड लेव्ही यांनी काळ्या कुत्र्यांना घर मिळत नाही ही तक्रार ऐकून 2013 साली काळ्या कुत्र्यांचे फोटो मुद्दाम काळ्या पडद्यासमोर काढले. अंधारातून फक्त डोळ्यांतली चमक, नाकाची ओलसर कड आणि अंगावरच्या केसांची लकाकी उमटत असे. न्यूयॉर्कमध्ये काम करणाऱ्या फ्रेंच छायाचित्रकार सोफी गामांद यांनी 2014 पासून पिटबुल जातीच्या कुत्र्यांच्या डोक्यावर स्वतः बनवलेले फुलांचे मुकुट चढवले, कारण त्या जातीची भीती लोकांच्या मनात घट्ट बसलेली होती. प्रत्येकाने आधी एक नेमका पूर्वग्रह ओळखला आणि मग त्याला उत्तर देणारी चौकट शोधली. त्यांचे मुकुट किंवा पडदे उचलून आणण्यापेक्षा ही विचार करण्याची रीत आपल्या कामी येईल.

याच्या तोडीचं उदाहरण मुंबईतच आहे. 'वर्ल्ड फॉर ऑल' या संस्थेच्या दत्तक-मोहिमेसाठी अमोल जाधव यांनी काढलेली छायाचित्रं जगभर पाहिली गेली. मागून उजेड, पुढे एकमेकांजवळ बसलेल्या माणसांच्या काळ्या आकृत्या, आणि त्यांच्या मधे उरलेल्या उजळ पोकळीला कुत्र्याचा, मांजराचा किंवा सशाचा आकार. कुटुंबात अजून एकाला जागा आहे, हे त्या चित्रांनी एकही प्राणी न दाखवता सांगितलं. मुंबईच्या दीड खोलीत राहणाऱ्या माणसाला 'जागा नाही' हे उत्तर तोंडपाठ असतं. त्या उत्तरालाच या छायाचित्रांनी हात घातला.

आता मूळ मुद्दा. प्राण्याची सुटका करताना काढलेला फोटो आणि त्याला घर मिळावं म्हणून काढलेला फोटो, ही दोन वेगळी कामं आहेत. पहिला पुरावा असतो. जखम किती खोल, वजन किती कमी, साखळी गळ्यात कुठवर रुतली, हे त्यात स्पष्ट दिसलंच पाहिजे. उपचारासाठी, तक्रारीसाठी, मदत मागण्यासाठी त्याची गरज असते. तो फोटो दया मागतो आणि त्याने मागावीच. गडबड होते ती पुढे. जखम भरते, केस येतात, कुत्रा उड्या मारू लागतो आणि दत्तकासाठी मात्र तोच जुना रक्ताळलेला फोटो फिरत राहतो. पाहणाऱ्याच्या पोटात कालवतं, तो शंभर रुपये पाठवतो, रडका चेहरा टाकतो आणि निघून जातो. दयेने पैसे येतात. घरात आणायचा सोबती मात्र माणूस दयेने क्वचितच निवडतो, कारण त्याच्याबरोबर त्याला पुढची दहा-बारा वर्षं काढायची असतात.

मराठी घरांत स्थळासाठी फोटो काढण्याची रीत जुनी आहे. टायफॉइडमधून उठलेल्या मुलीला त्याच आठवड्यात कुणी स्टुडिओत नेत नसे. ती बरी होऊ दे, चेहऱ्यावर तेज येऊ दे, मग फोटो. त्यात फसवणूक नसे. माणूस आपल्या नेहमीच्या रूपात दिसावा एवढीच इच्छा असे. निवाऱ्यातल्या कुत्र्याचंही तसंच आहे. आल्या दिवशी त्याचं नेहमीचं रूप दिसत नाही, दिसते ती त्याची भीती. दोन-चार दिवस, कधी दोन आठवडे जाऊ द्यावे लागतात. मग एका सकाळी तो पहिल्यांदा पाठीवर लोळतो, आणि फोटोची वेळ झाल्याचं कळतं.

अशी एक सकाळ जवळून पाहण्यासारखी आहे. शहराबाहेरचा कोणताही निवारा घ्यावा. पत्र्याची शेड, जाळीचे कप्पे, पुढे मातीचं अंगण, कडेला बदामाचं किंवा कडुनिंबाचं झाड. कुत्र्याला काळू म्हणू, कारण काळ्या कुत्र्याचं नाव दहांत आठ वेळा हेच असतं. स्वयंसेविका आधी फोन बाहेरच काढत नाही. काळूला पट्टा घालून ती त्याला अंगणाबाहेर फिरवून आणते. तो खांब हुंगतो, गवतात नाक घालतो, मूत्रविसर्जन करतो, दोनदा पट्टा ताणतो, तिसऱ्यांदा सैल सोडतो. कप्प्यात कोंडलेली सगळी ताकद या फेरीत खर्च होते. परत येईपर्यंत त्याचं तोंड उघडलेलं असतं. कुत्र्याचं सैल उघडलेलं तोंड माणसाला हसण्यासारखं दिसतं, आणि ते मिळवण्याचा सोपा उपाय म्हणजे ही फेरी.

मग ती ओढणीच्या टोकाने फोनची काच पुसते. दिवसभर हाताळलेल्या फोनच्या भिंगावर बोटांचा तेलकटपणा असतो आणि अर्धे धुरकट फोटो त्यामुळेच निघतात. काळूला ती सावलीच्या आत ओढत नाही. झाडाच्या सावलीची कड जिथे संपते तिथे, तोंड उजेडाकडे करून उभं करते. इथे सूर्य थेट अंगावर नसतो, पण मोकळ्या आभाळाचा उजेड चेहऱ्यावर पडतो. त्या उजेडाचा बारीक पांढरा ठिपका काळूच्या डोळ्यांत उमटतो. हा ठिपका नसेल तर काळ्या चेहऱ्यातले गडद डोळे मेल्यासारखे दिसतात. असेल तर कुत्रा जिवंत होऊन पाहू लागतो. फ्लॅश बंद. कुत्र्या-मांजरांच्या दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा एक थर असतो, अंधारात पाहण्यासाठी निसर्गाने दिलेला. फ्लॅशचा झोत त्यावरून उलटतो आणि ते हिरवे भुताटकीचे ठिपके तयार होतात. शिवाय अचानक लखलखाट झालेला प्राणी दुसऱ्या फोटोसाठी तिथे थांबत नाही.

ती मातीत गुडघे टेकते, मग कोपर. आता फोन काळूच्या डोळ्यांच्या रेषेत आहे. नाकाजवळ फोन नेला तर नाक भोपळ्याएवढं आणि कान सुपारीएवढे येतात, म्हणून ती तीन-चार पावलं मागे सरकते आणि फोनमधला दुप्पट जवळ आणणारा पर्याय निवडते. मागची बादली आणि खराटा आधीच उचललेले आहेत. पाठीमागे फक्त हिरवी मेंदी. काळ्या कुत्र्याला मध्यम उजेडाची हिरवी पार्श्वभूमी मानवते. मागे पांढरी भिंत किंवा तळपतं आभाळ आलं, की फोन त्या उजेडाचा हिशोब करतो आणि कुत्र्याचा कोळसा होतो. पडद्यावर ती काळूच्या डोळ्यावर बोट ठेवते, उजेडाची पट्टी किंचित वर सरकवते. पांढऱ्या कुत्र्याच्या वेळी नेमकं उलटं करावं लागेल. मातकट रंगाच्या कुत्र्याला मात्र मातीपासून दूर नेऊन निळ्या भिंतीपाशी किंवा झुडपापाशी उभं करावं लागेल, नाहीतर तो मातीत मिसळून जातो.

तिच्या मागे उभा असलेला पोरगा खिशातली प्लॅस्टिकची पिशवी चुरगाळतो. एकदाच. काळूचे दोन्ही कान उभे राहतात, मान किंचित वाकडी होते आणि तेवढ्यात ती बटण दाबून धरते. एका दमात वीस-पंचवीस फोटो निघतात. यातला एक लागतो. पिशवी पुन्हा वाजवली तर मान इतकी वळणार नाही. तिसऱ्यांदा तो लक्षच देणार नाही. म्हणून आवाज जपून वापरायचे: एकदा पिशवी, एकदा जिभेचा टकटक, एकदा मांजराचा खोटा आवाज. बक्षिसाचा तुकडा फोनच्या अगदी वर धरला, की नजर भिंगाकडेच राहते.

महाराष्ट्रातल्या उजेडाचं वेळापत्रक पाठ करून ठेवण्यासारखं आहे. उन्हाळ्यात सकाळी साडेसहा ते साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाचनंतर. दुपारी बाराच्या उन्हात डोळ्यांखाली काळी खोबणी पडते, कुत्रं धापा टाकतं आणि तापलेल्या फरशीवर त्याचे पाय पोळतात. पावसाळा छायाचित्रकाराचा मित्र आहे. ढगांनी झाकलेलं आभाळ दिवसभर मऊ, सारखा उजेड देतं. चिखल होतो हे खरं, पण कोरड्या पडवीत, दाराच्या तोंडाशी बसवलेलं पिल्लू जुलैतल्या दुपारी तीन वाजताही सुंदर दिसतं.

तंत्राइतकाच वेळ देहबोली वाचण्यात घालवावा, असा या पुस्तिकेचा आग्रह आहे. जांभई येणं, जीभ नाकावरून पुन्हा पुन्हा फिरणं, तोंड वळवून डोळ्यांच्या कडेने पाहणं आणि त्यात पांढरं दिसणं, पंजा उचलून धरणं, ही कुत्र्याच्या ताणाची चिन्हं आहेत. नवख्या माणसाला उचललेला पंजा गोड वाटतो आणि डोळ्यातलं पांढरं 'ॲटिट्यूड' वाटतं. तो फोटो सुंदर निघेलही. पण त्या क्षणी कुत्रा 'पुरे' म्हणत असतो. अशा वेळी फोन खाली ठेवायचा आणि उद्या यायचं. गॉगल, टोपी, टाय याबद्दलही हाच नियम: कुत्र्याला पत्ता नसल्यासारखं तो वावरत असेल तर ठीक, गोठून उभा राहत असेल तर लगेच काढायचं. गळ्यात एक स्वच्छ रंगीत रुमाल बहुतेकांना चालतो आणि तो 'हा कुणाचा तरी आहे' असं सहज सांगून जातो.

माणूस फोटोत असावा का? अमेरिकेतल्या लिसा गंटर आणि सहकाऱ्यांनी 2016 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पिटबुलसारखा दिसणारा कुत्रा वयस्क बाईसोबत पाहिला, तेव्हा लोकांना तो अधिक मायाळू वाटला. आपल्याकडे मोठ्या चणीच्या काळ्या कुत्र्याच्या बाबतीत हे करून पाहण्यासारखं आहे. एखादी आजी खुर्चीत बसलेली, तिच्या गुडघ्यावर त्याची हनुवटी आणि डोक्यावर तिचा हात. त्यात कुत्र्याचा आकारही कळतो आणि स्वभावही. अर्थात तो कुत्रा खरोखर तसाच असेल तर. मुलांना चावण्याचा इतिहास असलेल्या कुत्र्याचा फोटो मुलासोबत काढणं धोक्याचं आहे, आणि तो फोटो पुढे पाठवणं त्याहून धोक्याचं.

मांजरांचं प्रकरण वेगळं लिहावं लागलं, कारण मांजराला फिरवून आणून हसवता येत नाही. ते स्वतःच्या जागी रमलं तरच दिसतं. म्हणून मांजराला उचलून उजेडात आणण्यापेक्षा उजेड असलेल्या खिडकीत त्याची बसायची जागा करावी आणि तासभर विसरून जावं. घाबरलेल्या मांजराची बाहुली पसरून डोळा काळाभोर होतो. निवांत मांजराच्या डोळ्याचा रंग खिडकीच्या उजेडात पुरता खुलतो. ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 साली दाखवून दिलं, की माणसाने मांजराकडे पाहत सावकाश डोळे मिटून उघडले, तर मांजरही तसंच करतं आणि जवळ येण्याची शक्यता वाढते. फोन उचलण्याआधी ही एवढी ओळख करून घ्यायला काही खर्च येत नाही. काळ्या मांजराला तर आडवं जाण्याच्या अंधश्रद्धेचंही ओझं वाहावं लागतं. खिडकीतल्या तिरप्या उन्हात त्याच्या काळ्या केसांत दडलेली तपकिरी झाक दिसते, आणि असा एक फोटो त्या ओझ्याला बऱ्यापैकी उत्तर देतो.

प्रामाणिकपणाचा प्रश्न सर्वांत नाजूक. तीन पायांचा कुत्रा, एका डोळ्याची मांजर, मागच्या अंगाने अधू झालेलं पिल्लू. यांच्या फोटोत व्यंग लपवलं, तर दारात आलेलं कुटुंब दचकतं आणि प्राणी पुन्हा कप्प्यात जातो. व्यंगच पुढे केलं, तर कुत्रा दिसतच नाही, फक्त तुटलेला पाय दिसतो. यावरची वाट अशी, की पहिला फोटो चेहऱ्याचा, दुसरा पूर्ण शरीराचा, पाय जसा आहे तसा, शक्यतो धावताना. तीन पायांवर सुसाट धावणारा कुत्रा त्याच्या गैरसोयीबद्दल आणि त्याच्या जिद्दीबद्दल एकाच वेळी खरं सांगतो. धावणारा प्राणी टिपायला कॅमेऱ्यात सेकंदाचा पाचशेवा भाग किंवा त्याहून कमी वेळ लागतो. फोनवर भरपूर उजेड आणि सलग फोटोंची सोय पुरते. कानाची खाचही झाकू नये. ती डाग नव्हे. या जिवाची नसबंदी झाली आहे असं सांगणारी ती खूण आहे, आणि घरी नेणाऱ्यासाठी ती चांगली बातमी असते. रंग भडक करणं, डोळे मोठे करणं, ॲपमधून खोटी पार्श्वभूमी चिकटवणं टाळावं. पट्ट्याची दोरी पुसली तर कुणाचं बिघडत नाही, पण कुत्र्याच्या अंगाला हात लावू नये.

फोटोसोबतचा मजकूरही त्याच हाताने लिहावा. 'खूप प्रेमळ' या दोन शब्दांनी काहीच कळत नाही. 'पावसाचा आवाज आला की पलंगाखाली जातो', 'दुसऱ्या कुत्र्यांशी पटतं, मांजरांशी नाही', 'रिक्षात बसायला आवडतं' असं लिहिलं, की एखादा वाचणारा आपल्या घरात त्याला ठेवून पाहू लागतो. वय, लिंग, लसी, नसबंदी, आजार हे ओळीने द्यावं. रस्त्यावर राहणाऱ्या प्राण्याची नेमकी जागा मात्र उघड्यावर लिहू नये. हा पत्ता वाचणारा प्रत्येक जण चांगल्या मनाचा असेल असं नाही. आणि फोटो पाहून फोन आला म्हणजे काम संपत नाही. अर्ज, घरभेट, कुटुंबातल्या सगळ्यांची संमती, सोसायटीतल्या अडचणींची चर्चा हे टप्पे तसेच राहतात. फोटो फक्त दार उघडून देतो.

पुढच्या प्रकरणांची मांडणी याच क्रमाने आहे: आधी प्राणी वाचणं, मग उजेड, मग फोन आणि कॅमेरा, मग कुत्री, मांजरं, पिल्लं, म्हातारे आणि अधू प्राणी, शेवटी मजकूर आणि वीस-तीस सेकंदांची चित्रफीत. घाई असलेल्यांनी उजेडाचं प्रकरण आधी वाचलं तरी चालेल. कप्प्यातल्या कुत्र्याला बाहेर आणणं शक्यच नसेल तर जाळीच्या भोकाला भिंग टेकवून फोटो कसा घ्यावा, तेही तिथेच सापडेल.

अनेक निवाऱ्यांच्या कचेरीत भिंतीवर एक फळा असतो. त्यावर घर मिळालेल्यांचे फोटो टाचलेले असतात, नव्या कुटुंबांनी पाठवलेले. त्यांत उजेडाचा पत्ता नसतो, क्षितिज वाकडं असतं, कुणाचा तरी अंगठा कोपऱ्यात आलेला असतो. सोफ्याच्या उशीवर डोकं ठेवून, कॅमेऱ्याकडे पाठ करून, चारही पाय ताणून झोपलेला एखादा काळा कुत्रा, बाजूला शाळेचं दप्तर, मागे टीव्ही चालू. खाली पेनाने नाव लिहिलेलं असतं आणि दत्तक दिल्याची तारीख. स्वयंसेविका अंगणात जाण्याआधी त्या फळ्यासमोर क्षणभर थांबते, मग पट्टा उचलते आणि जाळीपलीकडच्या पुढच्या कुत्र्याला हाक मारते.